दासीची कथा आणि इतिहासकाराचा पुरावा

मार्गारेट अ‍ॅटवुड ह्या कॅनडातील लेखिकेची ‘द हँडमेड्स टेल’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तिची अखेर नायिकेच्या सुटकेने होत नाही आणि तिच्या मृत्यूनेही होत नाही. ती होते इतिहासकारांच्या एका परिषदेत. ज्या राज्याची हकीकत वाचकाने नुकतीच वाचली ते राज्य लयास जाऊन दीर्घ काळ लोटला आहे. २५ जून २१९५ रोजी नुनाविट येथील डिने विद्यापीठात त्या राज्याच्या अभ्यासकांचे बारावे चर्चासत्र भरले आहे, आणि इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या एका अभिलेखागाराचे संचालक प्राध्यापक पिएक्सोटो हे मुख्य निबंध वाचण्यास उभे राहतात. ह्या कथेची अस्सलता ठरविण्यातील अडचणी हा त्यांच्या निबंधाचा विषय होय. विद्यापीठ आणि स्थळ ह्यांची नावे इंग्रजीत सलग उच्चारली असता ‘ह्यातले काहीही नाकारू नका’ असा अर्थ निघतो. सभागृहातील विद्वानांपैकी कोणाच्याही तो ध्यानी आलेला दिसत नाही.

निबंधावरून वाचकाला कळते ते असे. आतापर्यंत आपण जे वाचले ते त्या स्त्रीने लिहिलेले नव्हते. मेन प्रांतातील बँगर ह्या गावी सापडलेल्या एका लष्करी बनावटीच्या पत्र्याच्या पेटीत सुमारे तीस ध्वनिफिती होत्या. आरंभी थोडे संगीत आणि पुढे एका स्त्रीचा आवाज अशी त्यांची तऱ्हा होती. फितींवर क्रमांक नव्हते. त्यांचा क्रम पिएक्सोटो आणि त्यांचे सहकारी प्राध्यापक वेड ह्यांनी अटकळीने लावला. कथेला नावही वेड ह्यांनीच दिले, आणि त्यात चॉसरची आठवण जशी आहे तशी स्त्रीदेहावरील एक हलकी कोटीही आहे. सभागृह त्या कोटीला हसते.

वाङ्मयाचे अभ्यासक ह्या परिशिष्टाकडे बहुधा रचनेतील एक युक्ती म्हणून पाहतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते इतक्या सहजपणे बाजूस सारता येणार नाही. त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला आहे तो इतिहासकाराचा व्यवसाय. जिच्या हाती सत्ता नाही, जिचे नावसुद्धा तिचे स्वतःचे नाही, अशा स्त्रीची साक्ष पुरावा म्हणून केव्हा आणि कोणत्या कसोटीवर ग्राह्य धरावयाची, हा तेथील प्रश्न आहे. आणि तो केवळ कल्पनेतला नाही. कादंबरी लिहिली जात होती त्याच सुमारास अमेरिकेच्या इतिहासलेखनात तो एका खऱ्या ग्रंथाच्या संबंधात प्रत्यक्ष उभा राहिलेला होता. त्या ग्रंथाकडे येण्यापूर्वी कादंबरीतील राज्य कोणत्या ऐतिहासिक सामग्रीतून उभारले आहे ते पाहणे इष्ट होईल.

राज्याचे नाव गिलियड. मराठी बायबलात ज्या प्रदेशाला गिलाद म्हटले आहे त्यावरून ते घेतले आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची हत्या होते, काँग्रेसचे सभासद गोळ्या घालून मारले जातात, दोष परधर्मीयांच्या माथी मारला जातो, आणि राज्यघटना ‘तात्पुरती’ स्थगित होते. पुढे एके दिवशी सर्व स्त्रियांना नोकरीवरून काढून टाकण्यात येते आणि त्यांची बँकेतील खाती गोठवून पतीच्या किंवा जवळच्या पुरुष नातलगाच्या हवाली करण्यात येतात. प्रदूषण आणि रोगराई ह्यांमुळे जन्मप्रमाण घसरलेले आहे. म्हणून ज्यांची प्रजननक्षमता सिद्ध झालेली आहे अशा, पण ज्यांचा विवाह नव्या राजवटीला मान्य नाही अशा स्त्रिया पकडून सत्ताधाऱ्यांच्या घरी दासी म्हणून नेमल्या जातात. आधार दिला जातो तो उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसाव्या अध्यायाचा, जेथे निःसंतान राहेल आपली दासी बिल्हा हिला याकोबाच्या स्वाधीन करते. दासींचा वेष तांबडा, पत्नींचा निळा, घरकाम करणाऱ्यांचा हिरवा. निवेदिकेला ऑफ्रेड म्हणतात. ‘फ्रेडची’ एवढाच त्या शब्दाचा अर्थ. घर बदलले की नाव बदलावयाचे.

कादंबरीचे लेखन १९८४ च्या वसंत ऋतूत पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाले. शहराभोवती भिंत उभी होती, आणि त्या मुक्कामात लेखिकेने पूर्व युरोपातील देशांतही प्रवास केला. तिने स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते व ते पुढे अनेकदा सांगितले आहे : मनुष्यांनी कोठे ना कोठे, केव्हा ना केव्हा प्रत्यक्ष केलेले नाही असे काहीही ह्या पुस्तकात येता कामा नये. ह्या बंधनामुळे कादंबरी जणू पूर्वदाखल्यांचा संग्रह बनली, आणि तिच्या अभ्यासालाही तीच दिशा लागली. हा प्रसंग ह्या देशातला, तो नियम त्या राजवटीतला, अशी जुळणी करीत जाणे हा अभ्यासकांचा आवडता उद्योग होऊन बसला. जुळणी आवश्यक आहेच. परंतु दाखला सापडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे, आणि कित्येक अभ्यास पहिल्यावरच समाधान मानून थांबतात.

ग्रंथाची अर्पणपत्रिका ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. तीत दोन नावे आहेत : मेरी वेब्स्टर आणि पेरी मिलर. मेरी वेब्स्टर ही मॅसॅच्युसेट्समधील हॅडली गावची स्त्री. तिच्यावर चेटुकाचा आरोप येऊन १६८३ साली बॉस्टन येथे खटला झाला व ती निर्दोष सुटली. न्यायालयाने सोडले, पण गावाने सोडले नाही. फिलिप स्मिथ नावाचा गावचा एक प्रतिष्ठित गृहस्थ आजारी पडला, तेव्हा काही तरुणांनी तिला घराबाहेर ओढून टांगले, मग खाली उतरवून बर्फात पुरले. ती जगली आणि पुढे सुमारे अकरा वर्षे त्याच गावी राहिली. अ‍ॅटवुडच्या आजीचे माहेरचे आडनाव वेब्स्टर. मेरी आपली पूर्वज होती असे ती काही दिवशी सांगे आणि काही दिवशी नाकबूल करी, असे लेखिकेने नमूद केले आहे.

पेरी मिलर हे हार्वर्डचे इतिहासकार. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन मनाचा त्यांनी केलेला अभ्यास १९३९ आणि १९५३ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि त्याने त्या विषयाची मांडणीच पालटली. १९६१ साली अ‍ॅटवुड रॅडक्लिफमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी आली ती त्यांच्या हाताखाली शिकली. प्युरिटन म्हणजे केवळ कोत्या मनाचे धर्मवेडे नव्हेत, त्यांची एक सुसंगत व बलवत्तर विचारव्यवस्था होती, हे मिलर ह्यांनी दाखविले. पण त्यांची साधने कोणती होती? प्रवचने, धर्मशास्त्रीय प्रबंध, तर्कशास्त्राचे ग्रंथ. म्हणजे शिकलेल्या पुरुषांचे लेखन. ते सारे एकाच मनातून निघाले असावे असे मानून त्यांनी त्याचे वाचन केले. त्या मनात मेरी वेब्स्टरला जागा नव्हती. तिची हकीकत आपल्याला कळते ती कॉटन मॅदरच्या १६८९ च्या ग्रंथातून व अठराव्या शतकातील टॉमस हचिन्सनच्या इतिहासातून. मॅदरला आस्था आहे ती स्मिथच्या दुखण्याची. तरुण त्या स्त्रीला त्रास देत असताना रोग्याला झोप लागे, हे त्याला नोंदविण्याजोगे वाटते. तिला टांगल्याचे व बर्फात लोटल्याचे हचिन्सन सांगतो. ती स्वतः काय म्हणाली ते कोणीच सांगत नाही. अर्पणपत्रिकेत ही दोन नावे शेजारी ठेवली आहेत, ती केवळ गुरूचे ऋण आणि कुळाचा अभिमान म्हणून ठेवली असतील असे मानणे कठीण आहे. एक इतिहासकार, आणि एक अशी स्त्री जिचा एकही शब्द इतिहासकाराच्या हाती लागला नाही. कादंबरीच्या शेवटी पिएक्सोटो आणि ऑफ्रेड ह्यांची हीच जोडी पुन्हा भेटते, फरक एवढाच की ह्या वेळी स्त्रीचे शब्द उपलब्ध आहेत.

गिलियड हा प्युरिटन न्यू इंग्लंडचा पुनर्जन्म आहे, असे विधान ह्या अर्पणपत्रिकेच्या आधारे वारंवार केले जाते. कथेचे स्थळही त्याला दुजोरा देते. ज्या भिंतीवर देहान्ताची शिक्षा झालेल्यांची प्रेते टांगली जातात ती मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील हार्वर्डची भिंत आहे, हे वर्णनावरून ओळखू येते. हार्वर्डच्या लॅमाँट ग्रंथालयात १९६७ पर्यंत विद्यार्थिनींना प्रवेश नव्हता, आणि आधुनिक काव्याचा संग्रह नेमका तेथेच होता, ही लेखिकेची जुनी तक्रार आहे. १६३१ पासून मॅसॅच्युसेट्स वसाहतीत मताधिकार चर्चच्या सभासदांपुरता मर्यादित होता. अ‍ॅन हचिन्सनला १६३७ साली न्यायासनापुढे उभे करण्यात येऊन पुढे बहिष्कृत व हद्दपार करण्यात आले. क्वेकर पंथाच्या मेरी डायरला १६६० साली फाशी देण्यात आली. सेलममध्ये १६९२ साली एकोणीस जणांना फासावर चढविले. हे सारे खरे आहे.

तथापि एका मुद्द्यावर हा सिद्धान्त अडखळतो, आणि तो मुद्दा गौण नव्हे. गिलियडमध्ये स्त्रीला वाचण्याची मनाई आहे. दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे पुसून चित्रे काढलेली आहेत, आणि घरातील बायबल कुलुपात राहते. ते उघडून वाचण्याचा अधिकार घरधन्याचा. आता प्युरिटनांचे म्हणणे नेमके ह्याच्या उलट होते. प्रत्येक जीवाने शास्त्र स्वतः वाचले पाहिजे असे ते मानीत, आणि मुलांना वाचावयास शिकविण्याची जबाबदारी मॅसॅच्युसेट्सने १६४२ च्या कायद्यानेच आईबापांवर व धन्यांवर टाकली होती. लिहिणे सर्व मुलींना शिकवीत असत असे नाही, पण वाचनाला बंदी नव्हती. अ‍ॅन हचिन्सनचा अपराध तिने बायबल वाचले हा नसून त्याचा अर्थ जमलेल्यांना सांगितला हा होता.

मग वाचनबंदीचा पूर्वदाखला अमेरिकेत कोठे आढळतो? तो दक्षिणेत आढळतो, गुलामगिरीच्या कायद्यांत. साउथ कॅरोलिनाने १७४० साली गुलामांना लिहावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला. नॉर्थ कॅरोलिनाने १८३० साली वाचन व लेखन दोन्ही शिकविण्यास मनाई केली. एकदा ह्या दिशेने पाहू लागले की कादंबरीतील कितीतरी गोष्टींचा उगम दिसू लागतो. धन्यावरून नाव पडणे, बाहेर जाताना परवाना दाखविणे, स्वतःच्या मुलावर आईचा अधिकार नसणे, स्वीकारलेल्या विवाहाला कायद्यात अस्तित्व नसणे, आणि पळून जाणाऱ्या स्त्रियांना घरोघरी लपवून कॅनडाच्या सीमेकडे पोहोचविणारी गुप्त वाट. त्या वाटेचे कादंबरीतील नाव गुलामांच्या ‘भूमिगत रेल्वे’वरूनच घडविले आहे, आणि पिएक्सोटो त्या नावावरही एक कोटी करतात. स्त्रीच्या गर्भाशयावर धन्याची मालकी हे तर गुलामगिरीचे कायदेशीर अधिष्ठानच होते. मूल आईची स्थिती घेते, मग बाप कोणीही असो, असे व्हर्जिनियाने १६६२ साली ठरविले. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यास बंदी आली, तेव्हापासून गुलामांची संख्या वाढण्याचा वैध मार्ग तेवढाच उरला, आणि प्रसवक्षम स्त्रीची बाजारातील किंमत त्या हिशेबाने होऊ लागली.

असे असूनही कादंबरीत काळ्या स्त्रिया जवळजवळ नाहीत. ‘हामच्या संततीचे’ नॉर्थ डाकोटात पुनर्वसन चालू असल्याची बातमी दूरचित्रवाणीवर क्षणभर झळकते, आणि तो विषय संपतो. राजवटीने त्यांना हुसकावून लावले, असे कथेच्या आत स्पष्टीकरण आहे. पण कथेबाहेर त्याचा परिणाम असा होतो की जिच्या इतिहासातून ह्या राज्याची यंत्रणा उचलली ती स्त्रीच रंगभूमीवर येत नाही. अनेक समीक्षकांनी हा आक्षेप घेतलेला आहे व तो रास्त आहे. सर्व काही पूर्वी घडलेले आहे असे म्हणणाऱ्या ग्रंथाला ‘कोणाच्या बाबतीत घडले?’ असे विचारण्याचा अधिकार वाचकाला राहतो. मराठी वाचकाला त्या गुलामगिरीची ओळख नवी नाही. १८७३ साली जोतीराव फुले ह्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक तिच्या निर्मूलनासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते.

दुसरा मोठा दाखला रुमानियाचा, आणि त्याने ‘धर्मराज्य’ ह्या शब्दाविषयीच सावध केले पाहिजे. ऑक्टोबर १९६६ मध्ये चाउशेस्कूच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर बंदी घातली. चार मुले झालेल्या, पंचेचाळिशी उलटलेल्या आणि इतर काही थोड्या स्त्रियांना तेवढी सूट होती. १९६६ साली देशात सुमारे २ लक्ष ७४ हजार जन्म झाले होते, ते १९६७ साली ५ लक्ष २८ हजारांच्या घरात गेले. त्यानंतर आकडे पुन्हा घसरू लागले, कारण स्त्रियांनी चोरटे मार्ग शोधले. १९८० नंतरच्या दशकात कारखान्यांतून स्त्रियांची वैद्यकीय तपासणी होऊ लागली, आणि अपत्यहीनांवर कर होताच. बेकायदा गर्भपातात मृत्यू पावलेल्या स्त्रियांची संख्या सुमारे दहा हजार समजली जाते. राजवट उलथल्यावर २६ डिसेंबर १९८९ रोजी, अगदी पहिल्या काही निर्णयांत, हा हुकूम रद्द झाला. ही राजवट निरीश्वरवादी होती. म्हणजे स्त्रीच्या प्रसूतीवर हक्क सांगण्यासाठी राज्यसत्तेला ईश्वराची गरज पडतेच असे नाही. कधी वंश, कधी राष्ट्र, कधी समाजवादाची प्रगती ह्यांनीही ते काम भागते. हिमलरच्या संघटनेने १९३५ साली स्थापन केलेल्या ‘लेबेन्सबॉर्न’ची प्रसूतिगृहे वंशाच्या नावाने चालली. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी १९७६ ते १९८३ ह्या काळात बंदिवान स्त्रियांची नवजात अर्भके राजवटीच्या विश्वासातील कुटुंबांना वाटून दिली, ती राष्ट्राच्या नावाने.

कादंबरीकर्त्रीला हे ठाऊक होते. गिलियडमधील दासींना पढविल्या जाणाऱ्या वचनांत एक वचन संत पौलाचे म्हणून खपविलेले आहे आणि ते वस्तुतः मार्क्सच्या वाक्याचे फिरविलेले रूप आहे. शास्त्र ज्यांच्या कुलुपात आहे ते त्यात काय हवे ते घालू शकतात. तेव्हा हे धर्माचे राज्य म्हणण्यापेक्षा धर्मग्रंथाच्या एकाधिकाराचे राज्य म्हणणे अधिक अचूक ठरेल. १९७९ च्या क्रांतीनंतरचा इराण ह्या चर्चेत नेहमी येतो. लेखिकेने १९७८ मध्ये अफगाणिस्तानात प्रवास केला होता व तेथील स्त्रियांचा अंगभर झाकणारा वेष तिने जवळून पाहिला होता, हेही खरे. परंतु तिची योजना अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकेच्याच सामग्रीतून राज्य उभे करण्याची होती, आणि परक्या देशांकडे बोट दाखवून मोकळे होणारा वाचक तिचा मुद्दा चुकवितो. बँकेचे खाते गोठविण्याचा प्रसंग पाहावा. पतीच्या सहीवाचून कर्ज मिळण्याचा अमेरिकन स्त्रीचा हक्क १९७४ च्या कायद्याने मान्य झाला. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्याला अकरा वर्षे झाली होती. समान हक्कांची घटनादुरुस्ती तीन राज्ये कमी पडल्यामुळे ३० जून १९८२ रोजी बारगळली. २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातविषयक १९७३ चा आपला निर्णय फिरविला, तेव्हा कादंबरी भविष्यवाणी ठरली असे पुष्कळांनी लिहिले. भविष्यवाणी हा शब्द येथे योग्य नाही. ज्याला अवघी काही दशके झाली आहेत ते परत जाऊ शकते, हे सांगण्यास इतिहासाचे साधे ज्ञान पुरते.

आता त्या खऱ्या ग्रंथाकडे वळता येईल. हॅरिएट जेकब्स ही १८१३ साली नॉर्थ कॅरोलिनातील ईडेंटन येथे गुलाम म्हणून जन्मली. पहिल्या मालकिणीने तिला वाचावयास शिकविले, कारण बंदीचा कायदा अजून व्हावयाचा होता. ती वयात येताच नवे धनी डॉक्टर जेम्स नॉरकम तिच्या मागे लागले. १८३५ मध्ये ती पळाली. पण दूर गेली नाही. आजीच्या घराच्या छपराखाली एक पोकळी होती, नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि उंच बाजूला तीन फूट. तीत ती सुमारे सात वर्षे लपून राहिली आणि एका छिद्रातून खाली खेळणारी आपली मुले पाहत राहिली. तेथून तिने नॉरकमला पत्रे लिहिली आणि ती न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी व्यवस्था केली, म्हणजे शोध भलतीकडे चालावा. १८४२ मध्ये ती उत्तरेस निसटली. १८६१ मध्ये बॉस्टन येथे तिचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले, ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’. त्यात तिने स्वतःला लिंडा ब्रेंट म्हटले आहे व धन्याचेही नाव बदलले आहे. संपादिका म्हणून लिडिया मारिया चाइल्ड ह्या प्रसिद्ध गोऱ्या लेखिकेचे नाव होते.

विसाव्या शतकातील इतिहासकारांनी ह्या ग्रंथाचे काय केले? यू. बी. फिलिप्स ह्यांनी १९१८ च्या आपल्या ग्रंथात मळ्यांच्या वह्या व मालकांचा पत्रव्यवहार हीच मुख्य साधने मानली, आणि माजी गुलामांची आत्मकथने संशयास्पद म्हणून जवळजवळ वगळली. ते त्यांच्या पूर्वग्रहाला साजेसेच होते. पण १९७२ साली जॉन ब्लॅसिंगेम ह्यांनी ‘द स्लेव्ह कम्युनिटी’ लिहिले, ते गुलामांच्या साक्षींना इतिहासाच्या केंद्रस्थानी आणण्यासाठी. ते स्वतः कृष्णवर्णीय होते आणि त्या साक्षींचे जाणकार होते. त्यांनीही जेकब्सचे पुस्तक विश्वसनीय मानले नाही. हकीकत फार व्यवस्थित आहे, योगायोग फार आहेत, नाट्य फार आहे, असे त्यांचे म्हणणे. ह्या निवाड्यात दुष्ट हेतू नव्हता. पुरुषांनी लिहिलेल्या आत्मकथनांवरून तयार झालेली एक अपेक्षा होती : मारहाण, बंड, पलायन, मुक्ती. छळाचा विषय अब्रू, लपण्याची जागा माळा आणि न पळण्याचे कारण मुले, अशी हकीकत त्या साच्यात कादंबरीसारखी भासली.

जीन फेगन येलिन ह्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हा प्रश्न सोडविला. रॉचेस्टर विद्यापीठात जपलेल्या कागदपत्रांत जेकब्सने एमी पोस्ट ह्या आपल्या स्नेही स्त्रीला लिहिलेली पत्रे होती. ह्या पत्रांत पुस्तक लिहिण्याची ओढाताण, रात्री काम संपल्यावर काढलेला वेळ, आणि जे सांगावयाचे ते सांगताना वाटणारी लाज, सारे उघड होते. शैलीही तीच होती. पुढे ईडेंटनच्या स्थानिक कागदपत्रांवरून पुस्तकातील माणसे एकेक करून ओळखता आली. १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने येलिन ह्यांची सटीप आवृत्ती काढली. ह्याच विषयाचा दुसरा एक कागद आहे. नॉरकमने जून १८३५ मध्ये नॉरफोकच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि हॅरिएटला पकडून देणारास शंभर डॉलर देऊ केले. तीत तिचा वर्ण, बांधा, वय, केस आणि कपडे ह्यांचे बारकाईने वर्णन आहे. हा कागद अस्सल आहे, समकालीन आहे, सही-तारखेचा आहे. फिलिप्सच्या कसोटीला तो सहज उतरला असता. ती कोणापासून व का पळाली, हे मात्र त्यात नाही.

ह्यानंतर पिएक्सोटो ह्यांचा निबंध पुन्हा वाचावा. त्यांची साधनचिकित्सा सरसकट चुकीची नाही. फिती घटना घडत असताना नव्हे तर मागाहून भरल्या गेल्या, हे त्यांचे अनुमान बरोबर आहे. निवेदिकाही तेच कबूल करते. एका भेटीची हकीकत ती दोन तऱ्हांनी सांगते आणि दोन्ही खऱ्या नाहीत असे म्हणते, आणि पतीचे काय झाले असावे ह्याच्या तीन परस्परविरुद्ध शक्यतांवर एकाच वेळी विश्वास ठेवते. अशा साक्षीची पारख करणे इतिहासकाराला चुकत नाही. दोष आहे तो चौकशीच्या रोखात. ही स्त्री कोण, ह्याचा शोध लागत नाही म्हणून ते वळतात धन्याकडे. फ्रेड कोण असावा, ह्या प्रश्नावर निबंधाचा मोठा भाग खर्च होतो. दोन उमेदवारांपैकी एकाच्या बाजूने कौल पडतो. त्या बाईला वार्ताहराची वा हेराची नजर असती तर राज्ययंत्रणेविषयी किती कळले असते, अशी हळहळ ते व्यक्त करतात, आणि धन्याच्या खाजगी संगणकातील वीसेक पाने मिळती तर काय हवे होते, असे म्हणतात. गिलियडवासीयांचा न्याय करण्याची घाई करू नये, त्यांच्यावर परिस्थितीचा दाब होता, ह्या उपदेशावर टाळ्या पडतात. येलिन ह्यांनी लेखिकेचा शोध घेतला आणि त्या ओघात धनीही सापडला. पिएक्सोटो धन्याचा शोध घेतात आणि लेखिका तशीच राहते. दोघांची साधनसामग्री वेगळी होती हे मान्य. पण प्रश्नही वेगळा होता.

गिलियड कसे चालत होते हे ऑफ्रेडने सांगितले नाही, असे म्हणणेही तपासून पाहिले पाहिजे. बाजारात कोणत्या दिवशी संत्री मिळाली, लोण्याचा तुकडा बुटात लपवून रात्री तोंडाला का लावावा लागला, दाई केव्हा बोलावली जाई, शेजारच्या घरची दासी बदलली हे कशावरून समजले, पतीला आपली नोकरी गेल्याचे सांगितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय दिसले : हे सर्व फितींत आहे. मेन प्रांतातीलच हॅलोवेल येथील मार्था बॅलर्ड ह्या सुइणीने १७८५ पासून १८१२ पर्यंत रोजनिशी लिहिली. एकोणिसाव्या शतकात त्या गावाचा इतिहास लिहिणाराने ती चाळली व बहुतेक नोंदी सामान्य वाचकाच्या उपयोगाच्या नाहीत असा अभिप्राय दिला. कातलेले सूत, पेरलेला भाजीपाला, आठशे सोळा बाळंतपणे. लॉरेल थॅचर उलरिक ह्यांनी त्याच नोंदी ओळीने मांडून १९९० साली दाखविले की गावाचे अर्धे अर्थकारण त्यांत होते, आणि ते पुरुषांच्या हिशेबवह्यांत कोठेही उतरले नव्हते. अर्थात रोजनिशी आणि कादंबरीतील ध्वनिफिती ह्यांना एका पंक्तीस बसविता येत नाही. एक घडलेले आहे, दुसरे रचलेले. पण वाचणाऱ्याची नजर जेथे क्षुल्लक म्हणून उठते ती जागा दोन्हीकडे एकच आहे.

पिएक्सोटो ह्यांच्या भाषणाच्या शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारण्याचे आमंत्रण मिळते व ग्रंथ मिटतो. श्रोत्यांनी काय विचारले ते छापलेले नाही. ऑफ्रेडचे खरे नाव, ती कॅनडाला पोहोचली की पकडली गेली, तिच्या मुलीचे काय झाले, ह्यांपैकी कशाचेही उत्तर त्या परिषदेजवळ नव्हते.

हॅरिएट जेकब्सचे उत्तरायुष्य येलिन ह्यांच्या परिश्रमामुळे ज्ञात आहे. यादवी युद्धानंतर ती काही काळ मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज येथे राहिली आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत तेथे तिने खानावळीसह राहण्याचे घर चालविले. हार्वर्डचे काही अध्यापक व विद्यार्थी तिच्याकडे भाड्याने राहत. तिचा मृत्यू वॉशिंग्टन येथे १८९७ मध्ये झाला, परंतु तिला पुरले ते केंब्रिजलाच, माउंट ऑबर्न दफनभूमीत, भाऊ जॉन ह्याच्याजवळ. अ‍ॅटवुडने गिलियडची भिंत ज्या विद्यापीठाभोवती उभी केली ते तेथून जवळच आहे.